सभा, अहवाल आणि अभ्यास

दहावी-बारावीचे वर्ष आले की वक्तृत्व, स्काउट, विज्ञान मंडळ सारे थांबते. ‘आता फक्त अभ्यास’ असे मुलांना बजावले जाते. पण या उपक्रमांचा पुढील विद्यापीठीय अभ्यासाशी खरोखरच काही संबंध नसतो का?

व्हर्बा, श्लोझमन आणि ब्रेडी या अमेरिकी राज्यशास्त्रज्ञांनी १९९५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लोकांची नागरी कौशल्ये चार साध्या कामांवरून जोखली: पत्र लिहिणे, निर्णय घेणाऱ्या बैठकीत भाग घेणे, बैठक आखणे किंवा चालवणे आणि लोकांसमोर बोलणे. महाविद्यालयातही अहवाल लिहावा लागतो, गटात काम वाटून घ्यावे लागते, चर्चासत्रात विषय मांडावा लागतो. कामे बरीचशी तीच; विषय तेवढा बदलतो.

आपल्याकडील उदाहरण घेऊ. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ साली ३७ विद्यापीठांत सुरू झाली. तीत विद्यार्थी दोन वर्षांत २४० तास काम करतो. समजा, त्याने एखाद्या गावातील पाणीवापराची पाहणी केली. प्रश्नातूनच उत्तर सुचवले जाणार नाही, ही काळजी त्याला घ्यावी लागते. किती घरे पाहिली, कोणती सुटली, याची नोंद ठेवावी लागते. ग्रामस्थांनी निष्कर्षावर हरकत घेतली, तर पुरावा दाखवावा लागतो. ही विज्ञानाचीच रीत आहे. हेच तास नुसत्या हजेरीत गेले, तर मात्र हाती फारसे लागत नाही. सहभागाच्या प्रमाणाइतकाच त्याचा दर्जाही महत्त्वाचा, असे अलेक्झांडर अ‍ॅस्टिन यांनी १९८४ साली मांडले होते.

येथे एक सावधगिरी हवी. उपक्रमात भाग घेणाऱ्यांचे गुण चांगले दिसले, म्हणजे ते उपक्रमामुळेच वाढले असे सिद्ध होत नाही. मुळातच धीट, घरी सवड असलेली मुले उपक्रमांकडे वळत असतील. म्हणून आधीचे गुण आणि घरची परिस्थिती सारखी असलेल्या मुलांचीच तुलना करावी लागते. तरीही आवड आणि जिद्द मोजायची राहतेच.

त्याच अमेरिकी अभ्यासात आणखी एक गोष्ट आढळली. नोकरीत या कौशल्यांच्या सरावाची संधी वरच्या पदावरील लोकांनाच अधिक मिळते. शाळेतही सूत्रसंचालन बहुधा त्याच दोघा-तिघांकडे असते. ज्यांना सरावाची गरज अधिक, त्यांच्या वाट्याला तो कमी येतो. सहामाहीच्या सुमारास वर्गाची यादी घेऊन पाहावी: कोणी सभा चालवली, कोणी अहवाल लिहिला, कोण सर्वांसमोर बोलले? ज्यांच्या नावापुढे एकही खूण नाही, त्यांना पुढचे काम द्यावे.