डाऊन सिंड्रोम आणि चाळिशीनंतरचा विसर: रक्ताच्या चाचणीतून काय कळतं, काय नाही

घरात डाऊन सिंड्रोम असलेलं मूल जन्मलं की आईवडिलांची सगळी चिंता लहानपणाची असते. हृदयाला छिद्र आहे का, चालायला कधी लागेल, शाळेत घेतील का. ते मूल कधीतरी चाळीस-पन्नास वर्षांचं होईल, हा विचार आपल्याकडे फारसा कुणी करत नाही. पूर्वी तशी वेळही क्वचित यायची. अमेरिकेत १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला अशा व्यक्तींचं सरासरी आयुष्य पंचवीस वर्षांच्या आसपास होतं. आता ते साठीच्या घरात गेलं आहे. आपल्याकडेही आटपाडी-दिघंचीपासून मिरजेपर्यंत अशी मुलं मोठी होताहेत, कुणाचा भाईजान झालाय, कुणाची खाला. म्हणूनच या वयात येणाऱ्या एका आजाराबद्दल आज बोलायचं आहे.

तो आजार म्हणजे अल्झायमर, स्मृतिभ्रंशाचा सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार. डाऊन सिंड्रोममध्ये एकविसाव्या गुणसूत्राच्या दोनऐवजी तीन प्रती असतात. फ्रान्समध्ये १९५९ साली हे सिद्ध झालं. याच गुणसूत्रावर एक जनुक आहे, ज्यापासून पुढे मेंदूत अमायलॉइड नावाचं प्रथिन तयार होतं. तीन प्रती म्हणजे जन्मापासूनच जास्त अमायलॉइड. ते वर्षानुवर्षं साचत जातं आणि चाळिशीपर्यंत जवळपास प्रत्येकाच्या मेंदूत त्याचे थर दिसतात. (नात्यात लग्न केलं म्हणून असं मूल झालं, असा टोमणा आपल्या समाजात आईला हमखास ऐकावा लागतो. तो चुकीचा आहे. बहुतेक वेळा पेशी विभागताना गुणसूत्र नीट वेगळं होत नाही, एवढंच घडलेलं असतं आणि आईच्या वयाबरोबर ही शक्यता वाढते.)

बार्सिलोना आणि केंब्रिजमधल्या डॉक्टरांनी डाऊन सिंड्रोम असलेल्या ३८८ प्रौढांचा अभ्यास २०२० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापला. त्यात स्मृतिभ्रंशाचं निदान सरासरी चोपन्नाव्या वर्षाच्या आसपास झालेलं दिसलं. आयुष्यभराचा धोका नव्वद टक्क्यांच्या वर धरला जातो. म्हणजे ज्या वयात इतरांना अल्झायमर क्वचितच होतो, त्या वयात या व्यक्तींमध्ये तो नेहमीचा आहे.

आणि तरी घरात तो लवकर कुणाच्या लक्षात येत नाही. कारण सोपं आहे, “ते पहिल्यापासून तसेच आहेत.” शब्द सापडत नाही, हट्ट करतो, गप्प बसून राहतो, हे सगळं सिंड्रोमच्याच खात्यात जमा होतं. डॉक्टरांकडचीही अडचण असते. स्मृतीची नेहमीची चाचणी म्हणजे आज तारीख काय, शंभरातून सात वजा करा, घड्याळ काढून दाखवा. ज्याला हे कधीच येत नव्हतं, त्याला आज येत नाही यावरून काय समजणार? रक्ताची चाचणी इथे मोलाची ठरते. रक्ताला शाळा लागत नाही, भाषा लागत नाही.

रक्तात शोधतात ती मुख्यतः तीन प्रथिनं. पहिलं ‘पी-टाऊ २१७’. अमायलॉइड साचल्यावर मेंदूतलं टाऊ हे प्रथिन बिघडायला लागतं आणि त्याचा हा तुकडा रक्तात उतरतो. अल्झायमरची सगळ्यात नेमकी खूण म्हणून आज याच्याकडे पाहिलं जातं. दुसरं ‘न्यूरोफिलामेंट लाइट’. हा मज्जातंतूंच्या आतल्या सांगाड्याचा भाग, तंतू झिजले की रक्तात वाढतो. बार्सिलोनाच्या अभ्यासात त्यातला बदल लक्षणांच्या कितीतरी आधी, ऐन तरुणपणात सुरू झालेला दिसला. पण डोक्याला मार लागला किंवा पक्षाघात झाला तरी तो वाढतो, म्हणून एकट्या त्याच्यावर निदान होत नाही. तिसरं ‘जीएफएपी’, मेंदूतल्या आधारपेशी चेतल्या की वाढणारं. पूर्वी हीच माहिती मिळवायला पाठीच्या मणक्यातून पाणी काढावं लागायचं किंवा महागडं पेट स्कॅन करावं लागायचं. ज्याला सुई दाखवली तरी दोघांनी धरावं लागतं, त्याच्यासाठी एक नळी रक्त पुरणं किती मोठी गोष्ट आहे, हे अशा घरातल्या माणसाला सांगावं लागत नाही.

आता दुसरी बाजू. मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने अल्झायमरसाठी रक्तचाचणीला पहिल्यांदा परवानगी दिली, ती पंचावन्न वर्षांवरच्या आणि लक्षणं असलेल्या रुग्णांसाठी. डाऊन सिंड्रोममध्ये तर निम्म्याअधिक जणांना आजार त्याआधीच गाठतो. शिवाय मूत्रपिंडाचा विकार असेल तर हे आकडे उगाच वर जातात, आणि वजनाचाही परिणाम होतो. चाळिशीत अमायलॉइड जवळपास सगळ्यांच्याच मेंदूत असल्यामुळे नुसतं ‘पॉझिटिव्ह’ हा शब्द फार काही सांगत नाही. आजार रोजच्या वागण्यात उतरलाय का, हा खरा प्रश्न, आणि त्याचं उत्तर रक्त एकटं देऊ शकत नाही. अमायलॉइड धुऊन काढणारी नवी इंजेक्शनं आली आहेत खरी, पण त्यांच्या मुख्य चाचण्यांमध्ये डाऊन सिंड्रोमचे रुग्ण घेतलेच नव्हते. मेंदूत सूज किंवा रक्तस्राव होण्याची भीती त्यांच्यात जास्त वाटते. त्यामुळे उद्या एखाद्या लॅबने काही हजारांचं पॅकेज सांगितलं, तर आमचं मत स्पष्ट आहे: आधी डॉक्टरांना विचारा, या रिपोर्टमुळे उपचारात काय बदलणार?

त्याऐवजी आटपाडीत आजच करण्यासारख्या तपासण्या आहेत. बदल दिसला की पहिल्यांदा थायरॉइड बघा. डाऊन सिंड्रोममध्ये थायरॉइड मंदावणं फार आढळतं, आणि त्याने माणूस अगदी स्मृतिभ्रंश झाल्यासारखा वागतो. गोळी सुरू केली की सुधारतो. तसंच बी-१२, कानातला मळ, मोतीबिंदू, नैराश्य. घोरणं आणि झोपेत श्वास अडकणं तर बहुतेक घरांत चेष्टेवारी नेतात. प्रत्यक्षात मेंदूला रात्रभर ऑक्सिजन कमी पडत असतो. चालण्यात अचानक फरक पडला किंवा हातपाय लुळे वाटले, तर मानेचे मणके तपासायला उशीर करू नका. आणि चाळिशीनंतर आयुष्यात पहिल्यांदा फिट आली, तर ती अल्झायमरची मोठी खूण असू शकते.

परदेशातल्या मार्गदर्शक सूचना सांगतात की चाळिशीपासून दरवर्षी तपासणी करावी आणि तुलना त्या व्यक्तीच्या स्वतःच्या आधीच्या अवस्थेशी करावी. ही तुलना करण्याचं साधन आपल्या हातात आहे, ते म्हणजे मोबाइल. पस्तिशीच्या आत-बाहेर, तब्येत चांगली असतानाच दोन-चार व्हिडिओ करून ठेवा. वजू क्रमाने करतो का, सदऱ्याची बटणं लावतो का, दुकानातून दूध आणून उरलेले पैसे परत देतो का, जुम्याला मशिदीची वाट एकटा सापडते का, ईदला आलेल्या पाहुण्यांना नावाने हाक मारतो का. दरवर्षी त्याच गोष्टी पुन्हा टिपा. हे काम एकट्या अम्मीवर सोडू नका. तिचं वय झालेलं असतं, आणि सगळी माहिती तिच्याच डोक्यात असते. गलाईच्या धंद्यासाठी बाहेरगावी असलेले भाऊ वर्षातून एकदाच येतात. पण “मागच्या ईदला हा माझ्याशी बोलत होता, आता बोलत नाही” हे नेमकं त्यांच्याच लक्षात येतं. त्यांचंही लिहून घ्या.

हे सगळं घेऊन ग्रामीण रुग्णालयातून चिठ्ठी करून मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात दाखवता येतं. पुढे गरज पडली तर बंगळुरूचं निम्हान्स आहे. दिव्यांगत्वाचं यूडीआयडी कार्ड आधी काढून ठेवा. त्याच्या आधारे राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ आरोग्य विम्याला अर्ज करता येतो, त्यात वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण आहे. आईवडिलांनंतर पालक कोण, हे ठरवून घेण्यासाठी याच न्यासाच्या १९९९च्या कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक समिती असते. तिथला अर्ज आईवडील हयात असतानाच केलेला बरा.