कापले, पण भरले का?

पगाराच्या चिठ्ठीवर ‘भविष्य निर्वाह निधी १,८०० रुपये’ असे छापलेले दिसले, की तेवढी रक्कम आपल्या नावावर जमा झाली असे बहुतेक नोकरदार धरून चालतात. मावळात कान्हे फाट्यावरून टाकव्याकडे जाणाऱ्या पट्ट्यातले सुट्या भागांचे कारखाने घ्या, नाहीतर लोणावळ्यातली हॉटेले, समज सगळीकडे तोच. चिठ्ठी मात्र एवढेच सांगते, की हे पैसे तुमच्या हातात दिलेले नाहीत. ते पुढे कुठे गेले, याचा पुरावा चिठ्ठीत नसतो. तो फंडाच्या पासबुकात, प्राप्तिकराच्या २६एएस विवरणात आणि रजेच्या नोंदवहीत असतो. रजा, फंड आणि कर यांबद्दलचे गैरसमज वरवर वेगवेगळे दिसले, तरी त्यांचे मूळ एकच आहे. या गोष्टी मालक आपल्या खिशातून देतो, म्हणून त्या कधी आणि किती द्यायच्या हे त्याने ठरवावे, असे दोन्ही बाजूंना वाटते. कायदा हे मान्य करत नाही. यातला बराचसा भाग कामगाराने आधीच कमावलेला असतो आणि मालकाकडे तो केवळ पुढे पोचवण्यासाठी आलेला असतो.

हे माझे भावनिक मत नाही. पगारातून फंडाचा हिस्सा कापणाऱ्या मालकाकडे ती रक्कम विश्वासाने सोपवलेली आहे असे मानले जाईल, आणि ती भरली नाही तर तो विश्वासघाताचा गुन्हा ठरेल, असे स्पष्टीकरण जुन्या भारतीय दंड संहितेच्या कलम ४०५ लाच जोडलेले होते. आज ते भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ मध्ये आहे. सर्वोच्च न्यायालयाने १२ ऑक्टोबर २०२२ रोजी ‘चेकमेट सर्व्हिसेस’ प्रकरणात करआकारणीच्या अंगाने हाच भेद अधोरेखित केला. मालकाचा स्वतःचा हिस्सा वेगळा आणि कामगाराच्या पगारातून कापलेला हिस्सा वेगळा; दुसरा मुळात मालकाचा पैसाच नाही, म्हणून तो मुदतीनंतर भरला तर मालकाला खर्च म्हणून वजावट मागता येत नाही, असे त्या निकालाने ठरवले. यावर लहान कारखानदार म्हणतो, की मोठ्या कंपनीकडून बिलाचे पैसे नव्वद दिवसांनी येतात, मग पुढच्या महिन्याच्या १५ तारखेला फंड आणि ७ तारखेला कापलेला कर कुठून भरायचा? अडचण खरी आहे आणि बिले अडकवणाऱ्या बड्या कंपन्यांना जाब विचारायलाच हवा. पण रोकड कमी पडली म्हणून कामगाराच्या पैशातून बिनव्याजी कर्ज काढण्याची सोय कायद्याने ठेवलेली नाही. फंडाला उशीर झाला तर वार्षिक १२ टक्के व्याज लागते आणि दंडात्मक भरपाई त्यावर आणखी.

आता उलट बाजूचा गैरसमज. पासबुक उघडून पाहणाऱ्याला बरेचदा धक्का बसतो, कारण त्याचे १,८०० रुपये दिसतात आणि मालकाच्या रकान्यात फक्त ५५० असतात. ‘मालकाने माझे पैसे खाल्ले’ अशी तक्रार तिथून सुरू होते. हिशेब असा आहे : पंधरा हजारांच्या वेतनावर मालकही १२ टक्के म्हणजे १,८०० रुपयेच भरतो, पण त्यातले ८.३३ टक्के, म्हणजे १,२५० रुपये, १६ नोव्हेंबर १९९५ पासून चालू असलेल्या पेन्शन योजनेत जातात आणि उरलेले ५५० फंडात. पेन्शनचा रकाना वेगळा असतो आणि त्यावर दरवर्षी व्याज चढताना दिसत नाही, कारण ते बचत खाते नाही. मालकाचा हिस्सा कामगाराच्या वेतनातून वसूल करणे मात्र नियमबाह्यच आहे. तसा लेखी करार करून घेतला तरी. ‘पहिले तीन महिने फंड लागू होत नाही’ हेही ठेकेदारांकडून हमखास ऐकू येते. ज्या आस्थापनेला योजना लागू आहे, तिथे पंधरा हजारांपर्यंतच्या वेतनावर लागलेला माणूस रुजू झाल्याच्या दिवसापासून सभासद होतो, मग तो ठेकेदारामार्फत आलेला का असेना. ठेकेदाराने भरणा केला नाही, तर जबाबदारी मूळ कंपनीवर येते.

मावळच्या या पट्ट्यात कंत्राटी कामगारांचे सर्वांत मोठे नुकसान होते ते मात्र चोरीने नव्हे, विसरण्याने. अकरा महिन्यांनी ठेकेदार बदलतो, नवा ठेकेदार घाईत नवे खाते काढतो, आणि ‘नोकरी नवी, फंड नवा’ म्हणून जुने पैसे काढून घेतले जातात. पेन्शनसाठी लागणारी दहा वर्षे एकाच मालकाकडे भरावी लागत नाहीत. फंडाचा सभासद क्रमांक (युएएन) एकच ठेवून जुने खाते नव्यात वर्ग केले, तर तुकड्यातुकड्यांची सेवा जोडली जाते. करातही तेच : सलग पाच वर्षांच्या आत पैसे काढले तर रक्कम करपात्र ठरू शकते, पण वर्ग केलेल्या खात्याची आधीची सेवा त्या पाच वर्षांत धरली जाते. यावर एक आक्षेप चोख आहे, आणि तो टाळण्यात अर्थ नाही. पंधरा हजारांच्या मर्यादेत दहा वर्षे काढलेल्याला सूत्राप्रमाणे महिना साधारण २,१४३ रुपये पेन्शन बसते. १ सप्टेंबर २०१४ पासून मर्यादा तीच आणि किमान पेन्शन १,००० रुपये. एवढ्याशा रकमेसाठी आज हातचे पैसे का सोडायचे? पेन्शन अपुरी आहे, ती वाढायला हवी, यात वाद नाही. पण त्या सभासदत्वासोबत आणखी दोन गोष्टी येतात : सभासदाच्या मृत्यूनंतर जोडीदाराला आणि मुलांना मिळणारे कुटुंब निवृत्तिवेतन, आणि नोकरीत असताना मृत्यू आल्यास सात लाख रुपयांपर्यंतचा विमा. या विम्यासाठी कामगाराच्या पगारातून एक पैसाही कापला जात नाही. कापाकापीचा हिशेब मांडताना ही बाजू कुणीच मांडत नाही.

रजेबद्दलचा गैरसमज अधिक खोल आहे, कारण तिथे पैसा दिसतच नाही. ‘रजा साहेबांच्या मर्जीवर’ हे वाक्य अर्धेच खरे आहे : कोणत्या तारखेला घ्यायची, यावर व्यवस्थापनाचे म्हणणे चालते, ती मिळते की नाही, यावर चालत नाही. १९४८ च्या कारखाने कायद्याचे गणित सरळ होते. वर्षात २४० दिवस काम भरले, की दर वीस दिवसांना एक दिवस भरपगारी रजा. २८० दिवस काम म्हणजे १४ दिवस. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांनी २४० ची अट १८० वर आणली; हंगामी मागणीवर माणसे घेणाऱ्या कारखान्यांसाठी हा फरक लहान नाही. घेतली नाही म्हणून रजा लगेच बुडत नाही, तीस दिवसांपर्यंत ती पुढे जाते. आणि रीतसर अर्ज करूनही नाकारलेली रजा तर या मर्यादेतही धरली जात नाही. म्हणून तोंडी विचारण्यापेक्षा अर्जाची पोच महत्त्वाची. आजारपणाची गोष्ट वेगळी. २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेला कर्मचारी राज्य विमा योजनेचा (ईएसआय) विमाधारक आजारी पडला, तर त्याला हक्काची रजा मोडावी लागू नये यासाठीच ७० टक्के दराने वर्षाला ९१ दिवसांपर्यंत आजारपणाचा लाभ आहे. चिंचवडच्या मोहननगरातले ईएसआय रुग्णालय ‘गरिबांचा दवाखाना’ म्हणून टाळणारे कामगार दरमहा त्यासाठी ०.७५ टक्के भरतच असतात.

करात गोंधळ दोन करांच्या सरमिसळीचा आहे. दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापले जातात तो प्राप्तिकर नव्हे. तो राज्याचा व्यवसाय कर, १९७५ च्या कायद्याने रोजगार हमी योजनेला पैसा उभा करण्यासाठी आलेला. राज्यघटनेने त्याला वर्षाला २,५०० रुपयांची कमाल मर्यादा घातली आहे. महिना २५,००० पर्यंत पगार असलेल्या स्त्रियांना तो १ एप्रिल २०२३ पासून लागत नाही. तरीही कापला जात असेल तर हिशेबनिसाला दाखवून द्यावे, बहुधा संगणकातला जुना तक्ताच बदललेला नसतो. प्राप्तिकरात २०२५-२६ साठी नव्या प्रणालीत बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर शून्य झाला, त्यावरून ‘मग विवरणपत्रही नको’ असा निष्कर्ष काढला गेला. सवलत करावर आहे, विवरणपत्रावर नाही. वर्षाला सहा लाख पगार घेणाऱ्याचे उत्पन्न प्रमाणित वजावट धरूनही चार लाखांच्या मूळ मर्यादेवर जाते आणि विवरणपत्र भरावेच लागते. मालकाने कर कापला पण भरला नाही, तर तो पुन्हा कामगाराकडून वसूल करता येत नाही, हे १९६१ च्या कायद्याचे कलम २०५ सांगते. तेव्हा पगाराची चिठ्ठी आणि बँकेचा उतारा जपून ठेवलेला उपयोगी पडतो. परतावा मात्र २६एएसमध्ये नोंद दिसेपर्यंत अडकतो, म्हणून दर तिमाहीनंतर ती नोंद पाहिलेली बरी. वर्ष उलटल्यावर हिशेबनीसही बदललेला असतो.

सध्याची भीती नव्या संहितांतल्या वेतनाच्या व्याख्येची आहे. भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले तर वरचा भाग वेतनात धरायचा, यावरून हातात पडणारा पगार सरसकट घटणार अशी हाकाटी झाली. तीस हजार मोबदला आणि दहा हजार मूळ वेतन असलेल्याचे उदाहरण घ्या. वेतन आता पंधरा हजार धरले जाईल, फंड १,२०० वरून १,८०० होईल, म्हणजे हातात सहाशे कमी आणि मालकाकडून सहाशे जास्त. ज्याचा फंड आधीच पंधरा हजारांच्या मर्यादेवर कापला जातो, त्याच्या हातात पडणाऱ्या रकमेत या व्याख्येने फरक पडत नाही. पहिल्या माणसाचे दहा हजार मूळ वेतन कुणी आणि कशासाठी ठरवले होते, हा प्रश्न मात्र या हाकाटीत कुणी विचारला नाही.