एका सुंदर संख्येची कैफियत

१२३४५६७८९८७६५४३२१ ही सतरा अंकी संख्या डावीकडून वाचली काय नि उजवीकडून वाचली काय, सारखीच भरते, आणि १११११११११ ला तिनेच गुणले असता नेमकी हीच हाती येते. एवढ्या भांडवलावर तिच्याभोवती जे गैरसमज साचतात त्यांचा निवाडा करण्यास कोणी पंडित लागत नाही. राजगडाच्या पायथ्याशी पालीत बसूनही पाटी-पेन्सिलीने तो करता येतो.

पहिला घोटाळा नावाचा. हिला ‘डेम्लो संख्या’ म्हणतात, तेव्हा डेम्लो हा कोणी परदेशस्थ गणिती असावा असे वाटणे साहजिक आहे. वस्तुतः डेम्लो हे जी. आय. पी. रेल्वेवरील स्थानकाचे नाव असून आजची डोंबिवली ती हीच, असे सांगतात. १९०५ साली डहाणूस जन्मलेले आणि १९३० ते १९६२ पर्यंत देवळालीस शिक्षकी केलेले दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांना या संख्यांची कल्पना या डेम्लो स्थानकावर सुचली. ६१७४ या त्यांच्या संख्येचा डंका जगभर वाजला, पण हिच्या वाट्यास ती कीर्ती आली नाही, हे मला थोडे अन्यायाचे वाटते.

दुसरा समज अधिक खोल आहे. १, ११, १११ यांचे वर्ग अनुक्रमे १, १२१, १२३२१ असे येत असल्यामुळे ही चढ-उतार अखंड चालेल असे मन धरून बसते. परंतु नऊ एकांशी तिची मुदत संपते. गुणाकार मांडून पाहिला म्हणजे कारण उघड होते: स्तंभांत एक, दोन, तीन असे वाढत जाऊन मधल्या स्तंभात नऊ एक साचतात, हातचा कोठेही येत नाही. दहा एक घेतले की मधली बेरीज दहा होते, हातचा शेजारच्या नवास दहा करतो, तो पुढच्या आठास नऊ करतो, आणि दप्तरात १२३४५६७९००९८७६५४३२१ अशी विस्कटलेली नोंद राहते. डावीकडचा आठ गेला, सममिती गेली.

इतकी देखणी संख्या अविभाज्य असेल ही कल्पना तर क्षणभरही टिकत नाही, कारण वर्गसंख्या अविभाज्य असूच शकत नाही. १११११११११ चे अवयव ३ × ३ × ३७ × ३३३६६७. म्हणून आपल्या संख्येस एकंदर ४५ विभाजक आहेत. तिच्या अंकांची बेरीज ८१, आणि तिला ८१ ने भागले असता येतो १२३४५६७९ चा वर्ग. येथेही तो आठ बेपत्ता!

एवढ्या मोठ्या संख्येस आपल्याकडे नाव नाही, असेही म्हणतात. पण भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तील स्थानांची यादी परार्धापर्यंत जाते, आणि हिचा पहिला एक परार्धाच्या अलीकडील ‘मध्य’ या स्थानी बसतो.

राहिला तो सौंदर्याचा हक्क. वर्ग असणे, ४५ विभाजक असणे हे गुण संख्येचे स्वतःचे. कोणत्याही पद्धतीने लिहा, ते ढळत नाहीत. उलटसुलट सारखे दिसणे मात्र दशमान लेखनाची देणगी आहे. सोळा अंकांच्या पद्धतीत ही चढण पंधरा एकांपर्यंत टिकते. संगणकाच्या दोन अंकांच्या पद्धतीत ११ चा वर्गच १००१ होतो, चढण नाहीशी होते, तरी सममिती राहते, आणि १११ चा वर्ग ११०००१ आला की तीही उरत नाही.