डीएनएची दुरुस्ती, कर्करोग आणि आपल्या मुलांची पीएच.डी.



नागापूरच्या आपल्या वस्त्यांत बी.एस्सी. झालेली मुले-मुली आता नवलाईची राहिलेली नाहीत. पण बी.एस्सी. नंतर काय, असे विचारले की ठरलेली उत्तरे येतात. डीएमएलटी कर, बी.एड. कर, एमआयडीसीत क्वालिटीला लाग. मुलगी असेल तर स्थळ बघा. पीएच.डी.चे नाव कोणी काढलेच, तर "अजून पाच वर्षे कोण पोसणार?" एवढ्यावर विषय मिटतो. आरोग्याच्या पानावर आज याच विषयावर लिहिते आहे, त्याची दोन कारणे आहेत. ज्या संशोधनाबद्दल सांगायचे आहे ते आपल्या घरातल्या दुखण्यांशी थेट जोडलेले आहे. आणि ते करणाऱ्याला दर महिन्याला पैसे मिळतात.

शरीरातली रोजची डागडुजी

आपल्या शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत डीएनए नावाचा धागा असतो. सरळ केला तर सुमारे दोन मीटर लांब, पण जाडी मिलिमीटरच्या पाच लाखाव्या भागाएवढी. शरीर कसे घडवायचे आणि चालवायचे, याची सगळी माहिती त्यात लिहिलेली असते. हा धागा रोज खराब होतो. उन्हाने, धुराने, तंबाखूने, आणि काही न करताही, शरीरातल्या नेहमीच्या रासायनिक क्रियांमुळे. एका पेशीत दिवसाला अशा हजारो जखमा होतात. तरी आपण जगतो, कारण पेशीत दुरुस्ती करणारी प्रथिने असतात. ती खराब भाग शोधतात, कापून काढतात आणि समोरच्या चांगल्या धाग्याकडे पाहून नवा भाग भरतात. या शोधासाठी टॉमस लिंडाल, पॉल मॉड्रिच आणि अझीझ सॅन्सर यांना २०१५ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

दुरुस्ती चुकली आणि चुका साठत गेल्या, की कर्करोगाची सुरुवात होऊ शकते. आपल्याकडे सकाळी मिसरी लावणाऱ्या आया-मावश्या अजून आहेत. मिसरी म्हणजे भाजलेली तंबाखूच. तिच्यातली द्रव्ये डीएनएला चिकटतात. एमआयडीसीत वेल्डिंग करणाऱ्या भावांनीही लक्षात ठेवावे की वेल्डिंगचा धूर आणि त्याच्या ठिणगीतले अतिनील किरण, दोन्ही कर्करोगकारक आहेत, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने सांगितले आहे. कर्करोग नशिबाने किंवा मागच्या जन्माच्या पापाने होत नाही. तथागतांनी प्रत्येक गोष्टीमागे कारण शोधायला शिकवले. इथे ते कारण पेशीत जाऊन शोधायचे आहे.

मी वॉर्डात काम करत असताना सिस्प्लॅटिन नावाचे कर्करोगाचे औषध सलाईनमधून द्यायचो. ते औषध डीएनएला अडकते आणि पेशी मरते. पण कर्करोगाची पेशी दुरुस्तीत हुशार निघाली, तर ती ते नुकसान भरून काढते आणि औषध लागू पडत नाही. याउलट बीआरसीए या जनुकांत दोष असेल, तर दुरुस्तीची एक वाट आधीच बंद असते. दुसरी वाट औषधाने बंद केली की कर्करोगाची पेशी मरते. ओलापॅरिब हे त्या प्रकारचे औषध २०१४ पासून वापरात आले. आईकडून किंवा वडिलांकडून हा दोष आला, तर स्तनाचा आणि अंडाशयाचा कर्करोग होण्याचा धोका वाढतो. सगळे स्तनाचे कर्करोग आनुवंशिक नसतात, थोडेच असतात. पण घरात दोघी-तिघींना झाला असेल तर डॉक्टरांना ते आवर्जून सांगा.

यात भौतिकशास्त्र कुठे आले?

डीएनएमध्ये तीनशे कोटी अक्षरजोड्या आहेत. त्यातले एक बिघडलेले अक्षर प्रथिन कसे शोधते? धाग्यावरून घसरत जाते की उड्या मारत? धागा वाकवायला किती जोर लागतो? ही मोजमापे जैवभौतिकशास्त्रात करतात. लेसरच्या प्रकाशाने अतिसूक्ष्म मणी चिमटीत धरावा तसा धरता येतो. त्या मण्याला डीएनए बांधून ओढतात आणि जोर मोजतात. या प्रकाशाच्या चिमट्यासाठी आर्थर ॲश्किन यांना २०१८ मध्ये भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले.

हे काम फक्त परदेशात चालत नाही. खारघरच्या ॲक्ट्रेक या टाटा मेमोरियलच्या संशोधन केंद्रात बीआरसीए प्रथिनाची रचना अभ्यासली जाते. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात डायनोकॉकस या जिवाणूवर अनेक वर्षे काम झाले आहे. माणूस ज्या किरणोत्साराने मरेल, त्याच्या हजारपट मारा हा जिवाणू सोसतो आणि तुटलेला डीएनए काही तासांत जोडतो. बेंगळुरूच्या एनसीबीएसमध्ये अंजना बद्रीनारायणन यांची प्रयोगशाळा जिवंत जिवाणूत ही दुरुस्ती होताना सूक्ष्मदर्शकाखाली पाहते.

वाट कुठून जाते?

अकरावीत गणित सोडू नका, ही पहिली गोष्ट. बी.एस्सी. नगरच्या कॉलेजातून झाली तरी चालते. पुढे भौतिकशास्त्र, जीवरसायनशास्त्र, जैवतंत्रज्ञान किंवा जैवभौतिकशास्त्रात एम.एस्सी. करता येते. मुंबई विद्यापीठात जैवभौतिकशास्त्राचा स्वतंत्र विभाग आहे. पुण्याच्या आयसरमध्ये आणि मुंबईच्या टीआयएफआरमध्ये बी.एस्सी. नंतर थेट एकत्रित पीएच.डी.ला जाता येते, त्याची प्रवेश परीक्षा असते. कॉलेजात असतानाच विज्ञान अकादमींच्या उन्हाळी फेलोशिपला अर्ज करावा. सुट्टीत दोन महिने खऱ्या प्रयोगशाळेत काम मिळते आणि थोडे पैसेही मिळतात.

एम.एस्सी. नंतर सीएसआयआर-नेट ही परीक्षा असते. तिला अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना ५५ ऐवजी ५० टक्के गुण पुरतात आणि वयात पाच वर्षांची सूट असते. ज्युनिअर रिसर्च फेलोशिप मिळाली तर पहिली दोन वर्षे महिना ३७,००० रुपये आणि पुढे ४२,००० रुपये मिळतात. "कोण पोसणार?" या प्रश्नाचे हे उत्तर आहे. याशिवाय अनुसूचित जातींसाठी केंद्राची राष्ट्रीय फेलोशिप आहे आणि पुण्याच्या बार्टीची बाबासाहेब आंबेडकर राष्ट्रीय संशोधन फेलोशिप आहे. परदेशात जायचे असेल तर राज्याची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आहे. आयआयटी आणि आयसरच्या पीएच.डी. प्रवेशात अनुसूचित जातींसाठी १५ टक्के जागा राखीव असतात.

कागदपत्रे मात्र वेळेत काढा. बौद्धांना केंद्राच्या अनुसूचित जातीच्या सवलती १९९० च्या दुरुस्तीने मिळाल्या. केंद्राच्या संस्थांत दाखल्यावर नुसते 'बौद्ध' लिहिलेले पुरत नाही, मूळ अनुसूचित जातीची नोंदही लागते. दाखला, जात पडताळणी, उत्पन्नाचा दाखला हे अर्जाची तारीख जाहीर झाल्यावर धावपळ करून होत नाही. बारावीतच करून ठेवा.

अडचणीही सांगायला हव्यात

ही वाट सोपी आहे असे मी म्हणणार नाही. फेलोशिपचे पैसे वेळेवर येत नाहीत. बार्टीच्या फेलोशिपसाठी आपल्या संशोधक मुलांना मुंबईत आझाद मैदानावर बसावे लागले. हैदराबाद विद्यापीठातला रोहित वेमुला १७ जानेवारी २०१६ ला आपल्यातून गेला, तेव्हा त्याची सात महिन्यांची फेलोशिप अडकलेली होती. त्यालाही विज्ञानावर लिहायचे होते. आई-बापांच्या मनात हे असतेच. म्हणून मुलगा किंवा मुलगी प्रयोगशाळेत गेली की वस्तीने तिला सोडून देऊ नये. आठवड्याला फोन करा, पैसे आले का विचारा. मार्गदर्शक अपमान करत असेल तर ते ऐकून घ्या. संस्थेत अनुसूचित जाती-जमाती कक्ष असतो, तिथे लेखी तक्रार करायला बळ द्या.

बाबासाहेबांचीही बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून यावे लागले. ते १९२० मध्ये पुन्हा गेले आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. झाले. अझीझ सॅन्सर तुर्कस्तानातल्या एका छोट्या गावचे, आठ भावंडांतले सातवे. आई-वडील शाळा न शिकलेले. आधी खेड्यात डॉक्टरकी केली, मग पीएच.डी. त्यानंतरही कोणी संशोधक म्हणून घेईना, तेव्हा प्रयोगशाळेत तंत्रज्ञ म्हणून काम धरले. नोबेलचे काम तिथेच उभे राहिले.

मिसरीने किंवा वेल्डिंगच्या धुराने आपल्या माणसांच्या पेशीत काय होते, हा प्रश्न घेऊन प्रयोगशाळेत जाणारी माणसे आपल्यातून हवीत. येत्या रविवारी विहारात वंदनेनंतर अर्धा तास थांबा. अकरावी ते एम.एस्सी.पर्यंतच्या मुलामुलींची नावे लिहू, कोणाचा दाखला राहिला आहे ते पाहू आणि तो काढायला सोबत जाऊ. आणि मिसरीची डबी घरात असेल तर तीही घेऊन या. सोडण्याबद्दल तिथेच बोलू.

जयभीम, नमो बुद्धाय!