नवा अल्बम जुन्यापेक्षा भारी आहे का? तुलनेचा प्रश्न कसा मांडायचा

तुमच्या सिनॉप्सिसच्या शीर्षकात ‘तुलनात्मक अभ्यास’ असेल, तर सादरीकरणात पहिला प्रश्न ठरलेला: कशाची, कशाशी आणि कोणत्या बाबतीत? यावर बरेच जण अडकतात. म्हणून आज उदाहरण रसायनांचं किंवा पिकांचं न घेता मेटल संगीताचं घेतोय. तिथे तुलना सगळेच करतात आणि तावातावाने करतात.

मुंबईचा डेमॉनिक रिझरेक्शन हा बँड साहिल मखिजाने 2000 साली सुरू केला. ‘अ डार्कनेस डिसेंड्स’ 2005 मध्ये आला, ‘द रिटर्न टू डार्कनेस’ 2010 मध्ये, ‘द डेमन किंग’ 2014 मध्ये. मग 2017 मध्ये ‘दशावतार’: दहा गाणी, मत्स्यापासून कल्कीपर्यंत एकेका अवतारावर एकेक, आणि जड गिटारांच्या जोडीला भारतीय वाद्यं. ऐकणाऱ्यांचे लगेच दोन गट पडतात. एक म्हणतो बँड आता कुठे आपल्या मातीतलं बोलायला लागला. दुसरा म्हणतो 2010 चा कस राहिला नाही.

आता संशोधक म्हणून बघा. 2010 आणि 2017 मध्ये काय काय बदललं? विषय बदलला, वाद्यं वाढली, काही वादक बदलले, रेकॉर्डिंगचं तंत्र बदललं. शिवाय ऐकणारा सात वर्षांनी मोठा झाला, हे कोणी मोजतच नाही. मग ‘दशावतार’ आवडला तर त्याचं श्रेय भारतीय वाद्यांना कसं द्यायचं? एकाच वेळी चार गोष्टी हलल्या की परिणाम कुणाचा ते सांगता येत नाही. यालाच आपण कन्फाउंडिंग म्हणतो. आमच्या गुंजवण्यातून चोर दरवाज्याने राजगड चढणारा धापा टाकत पद्मावती माचीवर पोचतो, पाली दरवाज्याच्या पायऱ्यांनी आलेला गप्पा मारत. ‘गड अवघड आहे का’ हे दोघांना विचारलंत तर उत्तरं गडाबद्दल कमी आणि वाटेबद्दल जास्त मिळतील. (रविवारी गावात गाड्या लावायला जागा नसते, त्यामुळे नमुन्याला तोटा नाही.)

आवाजाची पातळी हा आणखी छुपा घटक. तीच ध्वनिफीत थोडी मोठ्याने लावली तर बहुतेकांना ती ‘जास्त चांगली’ वाटते. मोठी केलीय हे लक्षातही येत नाही. म्हणून दोन अल्बम ऐकण्याआधी पातळी सारखी करणं हे प्रयोगाआधी वजनकाटा शून्यावर आणण्यासारखं आहे.

क्वचित नशिबाने स्वच्छ तुलना हाती लागते. मेटॅलिकाचा ‘डेथ मॅग्नेटिक’ 2008 मध्ये आला. तीच गाणी ‘गिटार हीरो’ या व्हिडिओ गेमसाठीही उपलब्ध झाली होती आणि तिथे आवाज अल्बमइतका दाबून मोठा केलेला नव्हता. बँड तोच, गाणं तेच, वादनही तेच. फरक शेवटच्या ध्वनिप्रक्रियेचा. त्यामुळे ‘सीडीवर आवाज फाटतो’ ही चाहत्यांची तक्रार नुसती आवडनिवड उरली नाही, ती ध्वनिलहरींच्या आलेखावर दाखवता आली.

‘दशावतार’साठी अशी सोय नाही, म्हणून प्रश्न लहान करायचा. ‘कोणता अल्बम श्रेष्ठ’ हे सोडा. मला स्वतःला 2010 चा जास्त घट्ट वाटतो, पण ते मत झालं, निष्कर्ष नाही. त्याऐवजी असं लिहा: ‘दशावतारमध्ये भारतीय वाद्यं वाजतात त्या भागात गिटार आणि ड्रम थांबतात, की सोबत वाजत राहतात?’ दहाही गाणी घड्याळ लावून ऐका, सेकंद नोंदवा. दुसऱ्या कुणाला तुमची वही न दाखवता तेच करायला सांगा आणि मग दोन्ही नोंदी ताडून बघा. जुळत नसतील तर आधी ‘सोबत’ म्हणजे नेमकं काय, याची व्याख्या दुरुस्त करा. आणि 2014 चा ‘द डेमन किंग’ वगळणार असाल, तर का वगळला ते पहिल्याच पानावर लिहून ठेवा. समितीतलं कोणीतरी ते विचारणारच.