दोन आडव्या रेघा

अमरावती-अकोल्याकडच्या इंजिनीअरिंगच्या पोरांच्या लॅपटॉपवर विंडोजच्या शेजारी उबुंटू किंवा फेडोरासारखं लिनक्सही नांदताना दिसतं. त्यावर ॲप घ्यायचा एक सोपा मार्ग म्हणजे फ्लॅटपॅक. पुण्यातही कार्यालय असलेल्या रेड हॅट कंपनीतल्या अलेक्झांडर लार्सन यांनी ही पद्धत सुरू केली. फ्लॅटपॅक हे नाव तिला २०१६ मध्ये मिळालं. ॲप आपल्याला लागणारं सामान सोबत घेऊन येतं आणि 'सँडबॉक्स'मध्ये चालतं. परवानगी नसेल, तर तुमच्या फायली त्याला दिसतच नाहीत.

ही बंदिस्ती 'बबलरॅप' नावाचा छोटा प्रोग्रॅम उभी करतो. पण पुरतं कोंडलेलं ॲप काय कामाचं? म्हणून बाहेर 'पोर्टल' नावाचा मध्यस्थ बसवलेला असतो. फाईल हवी, लॉगिन होताच आपोआप सुरू व्हायचं आहे, तर त्याच्याकडे मागायचं.

एप्रिल २०२४ मध्ये जाहीर झालेली सीव्हीई-२०२४-३२४६२ या क्रमांकाची सुरक्षा-त्रुटी नेमकी इथली.

आपोआप सुरू होताना कोणती कमांड चालवायची, हे ॲपच पोर्टलला कळवतं. लबाड ॲपला त्या जागी दोन आडव्या रेघांनी सुरू होणारा मजकूर देता येत होता, उदाहरणार्थ '--बाइंड'. लिनक्सच्या जगात अशा रेघांमागे सूचना येते. बबलरॅप ती स्वतःला दिलेली सूचना समजे आणि सांगितलेलं फोल्डर ॲपपुढे उघडं करी. अर्जदाराने नावाच्या रकान्यात 'यास आत सोडावे' लिहावं आणि शिपायाने तो साहेबांचा हुकूम मानावा, तसं! भिंतीला तडा नव्हताच.

उपायही दोन रेघांचाच. कमांडच्या आधी नुसतं '--' लिहिलं, की सूचना तिथं संपतात. फ्लॅटपॅकच्या १.१४.६, १.१२.९ आणि १.१०.९ या आवृत्त्यांत हे आलं, पोर्टलनेही १.१८.४ पासून रेघांनी सुरू होणाऱ्या कमांड नाकारल्या.

ॲपचा शब्द न तपासता पुढे पोचवण्याचा हा वाण जुनाच. जानेवारी २०२१ मध्ये सायमन मॅकव्हिटी यांनी दाखवलेल्या त्रुटीत ॲपने दिलेली एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबल्स, म्हणजे प्रोग्रॅम कसा चालावा हे ठरवणाऱ्या नोंदी, बाहेरच्या फ्लॅटपॅकपर्यंत तशीच पोचत होती.

अर्थात, कित्येक ॲपना भगदाडाची गरजच नसते. ती अख्ख्या होम फोल्डरची परवानगी राजरोस मागून घेतात आणि ते अनेकदा आपल्या नजरेत येत नाही. 'फ्लॅटसील' या मोफत ॲपमध्ये ही यादी दिसते, नको ती परवानगी तिथंच बंदही करता येते.