संगणकावरील दप्तर कोणाच्या हाती द्यावे?

कामगाराचा हक्क पुष्कळदा एका कागदावर उभा असतो, आणि तो कागद आता संगणकात राहतो. शिरोली एमआयडीसीतील ओतकाम करणाऱ्या माणसांचे हजेरीपट, पगारपत्रके व करारांच्या प्रती मी युनियनच्या कचेरीत जपतो. एकदा त्या पेनड्राइव्हवर उतरविताना एका कामगाराच्या जुन्या पगारपत्रकावर त्याच नावाची दुसरी फाईल बसली. संगणकाने विचारले होते. मी घाईने ‘हो’ म्हटले. पुढे त्याची नोकरी शाबीत करताना आम्हांला दारोदार हिंडावे लागले. चूक माझीच. पण तेव्हापासून मी विचारू लागलो, हे दप्तर सांभाळणारा कारकून बदलता येतो काय?

येतो. विंडोजमधील ‘फाईल एक्सप्लोरर’ हा असा एक कारकूनच होय. फायली डिस्कवर असतात, त्याच्या पोटात नव्हे. म्हणून कारकून बदलला तरी दप्तर जागच्या जागी राहते.

या कारकुनाची एक खोड ध्यानात ठेवावी. माउसने ओढलेली फाईल त्याच ड्राइव्हवर टाकली तर ती जागा बदलते. दुसऱ्या ड्राइव्हवर टाकली तर तिची नक्कल होते. हाताची क्रिया एकच, फळ मात्र निराळे.

यावर तोड जुनीच आहे. १९८६ साली निघालेल्या ‘नॉर्टन कमांडर’ने पडद्याचे दोन भाग केले : एकात ‘कोठून’, दुसऱ्यात ‘कोठे’. नक्कल करावयाची तर एफ-५, हलवावयाचे तर एफ-६. त्याच वळणाचा ‘टोटल कमांडर’ आज मिळतो. तो काही दिवस वापरून पाहता येतो, पुढे परवाना विकत घ्यावा लागतो. ‘डबल कमांडर’ विनामूल्य असून विंडोज व लिनक्स दोहोंवर चालतो.

मग निवड कशी करावी? चार प्रश्न विचारावेत. एकाच नावाच्या दोन फायली भेटल्या, तर दोहोंची तारीख व आकार तो दाखवितो काय? दोन फोल्डरांतील फरक सांगतो काय? मराठीत दिलेली नावे नीट वाचतो, की त्यांच्या जागी प्रश्नचिन्हे उमटवितो? आणि तो त्याच्या मूळ संकेतस्थळावरूनच आणलेला आहे काय?

आपल्या फौंड्रीत पहिला नमुना ओतून, तपासून मगच पुढचा माल काढतात. तसेच येथेही करावे. नकली फायलींचे एक फोल्डर करून आठवडाभर त्यावरच हात बसवावा.

मात्र कोणताही कारकून दुसऱ्या प्रतीची जागा घेऊ शकत नाही. पेनड्राइव्हवरून पुसलेली फाईल सहसा रीसायकल बिनमध्येही सापडत नाही. म्हणून महत्त्वाच्या कागदाची एक प्रत निराळ्या ठिकाणी असावी, आणि ‘हो’ म्हणण्यापूर्वी प्रश्न पुरता वाचावा. त्या एका फायलीमागे कोणाची तरी सारी नोकरी उभी असते.